गिर्यारोहणाचे बूट : किती काळ टिकतात, केव्हा शिवावेत?

जून महिन्यात सह्याद्रीवर पहिल्या सरी कोसळल्या की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील घराघरांतून माळ्यावरचे बूट खाली उतरतात. गतवर्षी पावसाळा संपताना धुऊन-पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले हे बूट वरवर पाहता अगदी धडधाकट दिसतात. चामड्याला तडा नसतो, शिवण उसवलेली नसते, तळाची नक्षीही चांगली खोल असते. शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडून मंडळी निघतात. रविवारी सकाळी गडाची निम्मी चढण पार होते आणि एखाद्याच्या बुटाचा अख्खा तळ निखळून पायवाटेवरच राहतो. तासाभरात दुसऱ्या पायाची तीच गत होते. दोन्ही बूट एकाच वयाचे असल्याने हा योगायोग नसतो.

डोंगरात नियमित भटकणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. गडावर जाणाऱ्या वर्दळीच्या वाटांवर असे सुटलेले तळ पडलेले आढळतात. ज्याच्यावर प्रसंग ओढवतो तो साहजिकच दुकानदाराला, नाहीतर गोंदाला दोष देतो. ‘फार वापरलेसुद्धा नव्हते’ हे त्याचे वाक्य ठरलेले असते. गंमत अशी, की त्या वाक्यातच त्याच्या तक्रारीचे उत्तर दडलेले असते. मराठीत ‘जोडे झिजवणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे. जोडा वापराने झिजतो, न वापरता ठेवला तर टिकतो, ही त्यामागची समजूत. चामडे आणि दोरा यांनीच पादत्राण तयार होत होते, त्या काळापुरती ती बव्हंशी खरी होती. आजचा गिर्यारोहणाचा बूट मात्र झिजण्याआधीच आतून विरून जाऊ शकतो. म्हणूनच बूट किती टिकेल आणि बिघडल्यास तो दुरुस्त करावा की टाकून द्यावा, हे ठरवण्यापूर्वी तो कशाचा बनलेला आहे हे समजून घ्यावे लागते.

बुटाचे थर

गिर्यारोहणाच्या बुटाचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पाऊल झाकणारा वरचा भाग चामड्याचा किंवा नायलॉन-पॉलिस्टरच्या जाड कापडाचा असतो. जलरोधक बुटात त्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. पायाखाली काढता-घालता येणारा आतला तळवा, म्हणजे इनसोल. त्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, धक्के पचवणारा फेसाळ थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. सर्वांत खाली जमिनीला टेकणारा, खाचा असलेला रबरी तळ.

या चारही भागांचे आयुर्मान वेगवेगळे असते. खालचे रबर दगडावर घासून झिजते. चामडे कोरडे पडून तडकते किंवा ओल राहून बुरशीने खराब होते. जलरोधक पडदा घोट्याजवळ आणि चवड्याशी वारंवार दुमडून फाटतो. मिडसोल मात्र बाहेरून फारसा दिसत नाही. त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बहुतेक बुटांचे आयुष्य नेमका हाच थर ठरवतो.

मिडसोल प्रामुख्याने दोन पदार्थांचे केले जातात. पहिला इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजेच ईव्हीए. हलक्या, लवचीक बुटांत आणि पळण्याच्या बुटांत तो सर्रास आढळतो. या फेसातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्या प्रत्येक पावलागणिक दबतात आणि पुन्हा फुगतात. काही शे किलोमीटरनंतर त्या पूर्वीसारख्या फुगत नाहीत. थर कायमचा चपटा होतो. बूट तुटत नाही, पण उतारावर गुडघ्यांना आणि टाचेला धक्के जाणवू लागतात.

दुसरा पदार्थ पॉलियुरेथेन, म्हणजेच पीयू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर यांनी १९३७ मध्ये हे रसायन शोधून काढले. पाठीवर जड सामान घेऊन खडकाळ वाटेने चालायचे असेल तर पीयूचा मिडसोल उत्तम. तो ईव्हीएपेक्षा वजनदार असतो, पण सहजी दबत नाही आणि वर्षानुवर्षे आकार टिकवून ठेवतो. त्यामुळे घोट्याच्या वरपर्यंत येणाऱ्या भक्कम बुटांत त्याचा वापर होतो. तळ निखळण्याचे प्रकार मुख्यत: याच बुटांच्या बाबतीत घडतात.

पाण्यामुळे होणारे विघटन

बुटांत वापरले जाणारे पीयू बहुधा पॉलिएस्टर जातीचे असते. त्याचे लांबलचक रेणू ज्या दुव्यांनी जोडलेले असतात त्यांना एस्टर बंध म्हणतात. पाण्याचा रेणू या बंधावर आघात करून तो तोडू शकतो. या प्रक्रियेला जलीय विच्छेदन किंवा हायड्रोलिसिस असे नाव आहे. बंध तुटताना आम्ल तयार होते आणि हे आम्ल पुढचे बंध तुटण्याचा वेग वाढवते. त्यामुळे विघटनाची सुरुवात संथ असली तरी शेवट झपाट्याने होतो. वर्षानुवर्षे ठणठणीत वाटणारा तळ एका मोसमात भुसभुशीत होतो, तो यामुळे.

या प्रक्रियेसाठी बूट पाण्यात बुडण्याची गरज नसते. हवेतील बाष्प पुरते आणि उष्णतेने तिचा वेग वाढतो. दमट आणि उष्ण हवा म्हणजे कोकणपट्टीची आणि मुंबईची हवा. युरोपातील थंड, कोरड्या खोलीत जो बूट अनेक वर्षे सुस्थितीत राहतो, तो आपल्याकडील पावसाळे सोसताना लवकर जराजीर्ण होतो. संग्रहालयांनाही या प्रश्नाने हैराण केले आहे. काचेच्या कपाटात कोणीही हात न लावता ठेवलेल्या, पीयूचा वापर केलेल्या वस्तू आपोआप चिकट होतात, तडकतात आणि त्यांचा चुरा होतो.

पॉलिइथर जातीचे पीयू पाण्याला अधिक दाद देत नाही, परंतु झिजेच्या बाबतीत ते तुलनेने उणे पडते. निर्मात्यांनी पॉलिएस्टरची निवड केली ती निव्वळ नफेखोरीपोटी, असे म्हणता येणार नाही. मजबुती आणि दीर्घायुष्य यांच्यात त्यांना एकाची निवड करावी लागली आणि त्यांनी मजबुतीला प्राधान्य दिले. मात्र या निवडीची कल्पना ग्राहकाला क्वचितच दिली जाते, हेही तितकेच खरे.

किलोमीटर आणि वर्षे

गिर्यारोहणाचा चांगला बूट साधारण ८०० ते १,६०० किलोमीटर चालतो, असा ढोबळ ठोकताळा जगभर सांगितला जातो. हलके, कापडी, ईव्हीएचा तळ असलेले बूट या पट्ट्याच्या खालच्या टोकाला किंवा त्याहूनही खाली. भक्कम चामडी बूट वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे. चालणाऱ्याचे वजन, पाठीवरचे ओझे, पाऊल टाकण्याची ढब आणि वाटेचे स्वरूप यांनुसार हा आकडा बदलतो. घाटमाथ्याचा बेसॉल्ट, घसाऱ्यातील टोकदार दगड आणि महाबळेश्वर-कोकणातील खरखरीत जांभा ही रबराची परीक्षा पाहणारी जमीन आहे. पीयूच्या मिडसोलचे वय मात्र किलोमीटरवर अवलंबून नसते. निर्मितीपासून पाच ते दहा वर्षे हा त्याचा सर्वसाधारण काळ होय.

हे दोन्ही हिशेब एकत्र मांडून पाहू. सह्याद्रीतील एका दिवसाच्या भटकंतीत सरासरी १२ किलोमीटर चाल होते असे धरले आणि एखादा हौशी भटक्या वर्षातून २० वेळा डोंगरात जात असेल, तर त्याची वर्षाची चाल २४० किलोमीटर होते. त्याचा बूट झिजेच्या हिशेबाने सव्वातीन ते पावणेसात वर्षांत संपेल. अशा माणसाला बुटाचे पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळते. आता वर्षातून केवळ सहा वेळा जाणाऱ्याचा विचार करा. त्याची चाल ७२ किलोमीटर. झिजेच्या हिशेबाने त्याचा बूट ११ ते २२ वर्षे टिकायला हवा. प्रत्यक्षात तो त्याच्या निम्म्या काळातच विरून जाईल. शहरातील बहुसंख्य हौशी मंडळी या दुसऱ्या गटात मोडतात. ‘फार वापरलेसुद्धा नव्हते’ या वाक्याचा उलगडा येथे होतो.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. वर्षातून चार-सहा वेळा पावसाळी सहलीला जाणाऱ्याने ‘एकदाच घेऊ, आयुष्यभर पुरतील’ या भावनेने महागडे, जड बूट घेण्यात अर्थ नाही. लष्करी धाटणीचे कॅनव्हासचे हंटर बूट किंवा साधे, पकड चांगली असलेले रबरी तळाचे बूट त्याची गरज भागवतात. हिमालयात आठ-दहा दिवसांची चाल करणाऱ्यांचे, पाठीवर १२-१५ किलोचा भार वाहणाऱ्यांचे गणित अर्थातच वेगळे.

पकड : जिवाशी गाठ

टिकाऊपणाची चर्चा करताना बुटाचे मूळ काम विसरून चालत नाही. पाऊल ठेवले तेथे ते घट्ट बसले पाहिजे, हे ते काम. रबरी खाचांच्या तळाचा इतिहासच मुळी एका दुर्घटनेतून सुरू होतो. १९३५ मध्ये इटलीतील पुंता रासिका या शिखरावर खराब हवामानात सापडून सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्या काळी जाड चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट पायथ्यापर्यंत आणि कातळावर चढताना पातळ, हलकी पादत्राणे वापरण्याची रीत होती. बर्फ आणि गारठ्यापुढे ती पातळ पादत्राणे निकामी ठरली. त्या मोहिमेशी संबंधित असलेले मिलानचे गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी मग कातळ आणि बर्फ अशा दोहोंवर चालेल अशा रबरी तळाचा ध्यास घेतला. मोटारीच्या टायरसाठी वापरले जाणारे गंधकमिश्रित, पक्के केलेले रबर त्यांनी तळासाठी वापरले. त्यांच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे जोडून ‘व्हिब्राम’ हे नाव तयार झाले. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेने के-२ हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर प्रथम सर केले, तेव्हा त्यांच्या बुटांना हेच तळ होते.

रबराच्या बाबतीतही दोन गुण एकमेकांच्या विरोधात जातात. मऊ रबर ओल्या कातळाला धरून ठेवते, पण लवकर झिजते. कडक रबर वर्षानुवर्षे टिकते, पण पावसाळ्यातील शेवाळलेल्या पायरीवर घसरते. त्यामुळे सर्वांत टिकाऊ तळ हा सर्वांत चांगला तळ असतोच असे नाही. शिवाय रबर जुने होताना हवेतील प्राणवायूमुळे कडक होत जाते. खाचा शाबूत असूनही दहा वर्षांपूर्वीचा बूट निसरड्या वाटेवर दगा देतो, त्याचे हेही एक कारण. अशा वेळी काटकसर महागात पडते. दृष्टिभय असलेल्या आडव्या वाटेवर किंवा कातळटप्प्यावर पाऊल सरकले तर वाचवलेल्या पैशांचा हिशेब कोणी विचारत नाही.

घरच्या घरी तपासणी

मोहिमेच्या किमान पंधरा दिवस आधी बूट तपासावेत, म्हणजे दुरुस्तीला किंवा नव्या खरेदीला वेळ मिळतो. त्यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही.

प्रथम मिडसोलच्या कडेवर अंगठ्याचे नख जोराने दाबावे. सुदृढ पीयू दबतो आणि पूर्ववत होतो. नखाचा व्रण तसाच राहिला, पृष्ठभाग चिकट लागला किंवा कण सुटू लागले तर विघटन सुरू झाले आहे असे समजावे. त्यानंतर बूट चवड्याशी वाकवून कडेला बारीक, जाळीदार भेगा दिसतात का ते पाहावे. बुटाचे टोक आणि टाच येथे तळ अलग होऊ लागला आहे का, हे बोटाने ओढून तपासावे.

मग बूट टेबलावर ठेवून मागून पाहावे. टाच एका बाजूला कललेली असेल तर तळ किंवा मिडसोल विषम झिजला आहे. असा बूट घोटा मुरगळण्यास निमंत्रण देतो. टाचेच्या बाहेरील कडेच्या आणि अंगठ्याखालच्या खाचा सपाट झाल्या असतील तर पकड गेली. जलरोधकता तपासण्यासाठी तासभर ओलसर गवतातून किंवा उथळ पाण्यातून चालून पाहावे आणि मोजा कोठे भिजला ते पाहावे. शेवटी हे बूट घालून, पाठीवर सामान घेऊन, इमारतीचे जिने दोन-चार वेळा चढावेत-उतरावेत. ज्याला निखळायचे आहे ते घराजवळच निखळलेले बरे.

चर्मकाराकडे न्यावे असे काय?

दुरुस्तीयोग्य बिघाडांची यादी बरीच मोठी आहे आणि आपल्या शहरांतील रस्त्याकडेला बसणारे चर्मकार यांतील बहुतेक कामे उत्तम करतात. उसवलेली शिवण, फाटलेली जीभ, नाडी अडकवण्याचे तुटलेले हूक, निघालेली कडी, घासून फाटलेले टाचेचे अस्तर ही सारी कामे किरकोळ होत. वरचा भाग चांगला असेल तर त्यांवर खर्च करण्यात कसलाच संकोच नसावा.

मिडसोल शाबूत असून केवळ टोकाला किंवा टाचेला तळ सुटला असेल, तर तो चिकटवता येतो. येथे घाई नडते. जुना गोंद आणि माती पूर्णपणे खरवडून काढायला हवी. दोन्ही पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरखरीत करून, पुसून कोरडे करायला हवेत. मग चर्मकारांकडील रबरी सोल्यूशनचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावून तो हाताला किंचित चिकट लागेपर्यंत थांबावे आणि नंतरच जोर देऊन दाबावे. ओल्या थरावर तळ दाबला तर आतील द्रावक बाहेर पडू शकत नाही आणि जोड कच्चा राहतो. त्यानंतर किमान एक दिवस बूट वापरू नयेत. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाच्या छोट्या नळ्यांचा मोह मात्र टाळावा. तो गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. बूट वाकला की तो तडकतो आणि पुढच्या दुरुस्तीसाठी पृष्ठभागही खराब करून ठेवतो.

अनेकजण नवे बूट घेतल्याबरोबर तळाच्या कडेने शिवण मारून घेतात. साध्या, रबरी वाटीसारखा तळ असलेल्या बुटांसाठी ही सवय चांगली आहे. गोंद सुटला तरी टाके तळाला धरून ठेवतात. जलरोधक बुटांना मात्र ती मानवत नाही, कारण सुईचे प्रत्येक छिद्र पाण्याला वाट करून देते. मिडसोल विरू लागला असेल तर शिवणीचा काहीच उपयोग नसतो. टाका ज्याला धरणार तो पदार्थच भुसा झालेला असतो. ‘गोंद लावून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला एखादा जाणता चर्मकार ‘साहेब, हा तळ गेला आहे, पैसे वाया जातील’ असे सांगतो, तेव्हा त्याचे ऐकावे.

उरतो तो तळ पूर्ण बदलण्याचा मार्ग. यात जुना मिडसोल आणि रबर दोन्ही काढून बूट फरम्यावर चढवतात आणि नवा संच बसवतात. युरोपातील काही जुने बूटनिर्माते आपल्याच बुटांसाठी ही सेवा देतात. भारतात तिची उपलब्धता मर्यादित आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बुटांचे तळ बदलून देणारी दुकाने आहेत. परंतु तेथे मिळणारा तळ डोंगराच्या वाटेसाठी तयार केलेला आहे का, याची खात्री आपणच करून घ्यावी लागते. शहरी बुटाचा सपाट तळ लावलेला गिर्यारोहणाचा बूट दिसायला नवा वाटेल, पण ओल्या कातळावर तो धोकादायकच ठरेल.

मग निर्णय कसा घ्यावा? वरचा भाग चामड्याचा आणि सुस्थितीत असेल, बूट पायाला पुरता सरावलेला असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या जोडाच्या निम्म्याहून कमी असेल, तर दुरुस्ती करावी. वरचे कापड फाटले असेल, जलरोधक पडदा निकामी झाला असेल आणि मिडसोलही चपटा झाला असेल, तर एक दुरुस्त करून दुसरे राहतेच. असा बूट निवृत्त करणे शहाणपणाचे. विरू लागलेला पीयू असेल आणि तळ पूर्ण बदलण्याची सोय नसेल, तर तो बूट कितीही नवा दिसला तरी डोंगरात नेऊ नये.

निगा आणि साठवण

बुटाचे आयुष्य वाढवण्याचे उपाय साधे आहेत. डोंगरातून परतल्यावर चिखल त्याच दिवशी ब्रशने काढावा, इनसोल आणि नाड्या बाहेर काढाव्यात आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. कागद भिजला की बदलावा. बूट सावलीत, पंख्याखाली वाळवावेत. शेगडीजवळ, शेकोटीशेजारी किंवा कडक उन्हात वाळवल्यास चामडे तडकते, गोंद मऊ पडतो आणि तळ सुटतो. मुक्कामी रात्री चुलीच्या कडेला ओळीने मांडलेले बूट म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तयारीच. चामड्याला मोसमातून दोन-तीन वेळा मलम लावावे, म्हणजे ते लवचीक राहते.

साठवणीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे प्लास्टिकची पिशवी. तिच्यात ओल कोंडली जाते आणि विघटनाला पोषक हवा आपण स्वत:च तयार करून देतो. पत्र्याच्या छपराखालचा तापणारा माळा आणि मोटारीची डिकी याही तितक्याच अयोग्य जागा. घरातील हवेशीर, कोरडे कपाट उत्तम. आणि अधूनमधून बूट पायात घालावेत. चालताना मिडसोल दबतो-फुगतो, त्यामुळे आतील ओल बाहेर पडण्यास मदत होते, असे बूटनिर्मातेही सांगतात. महिन्यातून दोनदा टेकडीवर फिरायला जाण्यासाठी याहून चांगले निमित्त कोणते?

खरेदी करताना डब्यावरील लेबल वाचण्याची सवय लावून घ्यावी. वेष्टनबंद वस्तूंवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापण्याची तरतूद आपल्याकडे आहे. मोठ्या सवलतीत विकले जाणारे बूट चार वर्षांपूर्वी तयार झालेले असतील, तर त्यांच्या पीयूच्या आयुष्यातील बराच भाग गोदामातच सरलेला असतो. मिडसोल पीयूचा आहे की ईव्हीएचा, तळ बदलून मिळतो का, सुटे भाग मिळतात का, हे प्रश्नही दुकानदाराला विचारावेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातील प्रमुख क्षेत्रे होत. पादत्राणांचा त्यांत समावेश नव्हता. रबर, फेस, कापड आणि गोंद यांचे एकजीव मिश्रण असलेल्या बुटाचे पुनर्चक्रीकरण अतिशय अवघड असते. त्यामुळे निवृत्त झालेला बहुतेक प्रत्येक बूट अखेर कचराभूमीत जातो. दुरुस्त होऊ शकेल अशा बुटाची मागणी ग्राहकांनी केली, तरच निर्माते त्याचा विचार करतील.

वाटेत तळ सुटला तर

सारी काळजी घेऊनही प्रसंग येऊ शकतो. म्हणून पाठपिशवीत चार-पाच मीटर मजबूत दोरी किंवा जादा नाड्या, कापडी पाठ असलेली रुंद चिकटपट्टी आणि दोन-तीन प्लास्टिकच्या वाद्या ठेवाव्यात. वजन नगण्य, उपयोग मोठा. तळ सुटला तर तो फेकून न देता बुटाला लावून चवड्यावरून एक आणि पावलाच्या कमानीखालून एक असे दोन वेढे घट्ट आवळावेत. गाठ नेहमी वरच्या बाजूला घ्यावी, तळाखाली आल्यास ती घासून तुटते आणि पावलाची पकडही बिघडवते. चिकटपट्टी ओल्या बुटावर बसत नाही, म्हणून आधी पृष्ठभाग पुसून घ्यावा. दर अर्ध्या तासाने बांधणी तपासावी.

ही तजवीज केवळ खाली उतरण्यापुरती आहे, हे लक्षात ठेवणे अगत्याचे. दोरीने बांधलेल्या बुटाने हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने किंवा एखाद्या कातळकोरीव पायऱ्यांवरून पुढे चढत जाण्याचे धाडस करू नये. गटाच्या म्होरक्याला लगेच सांगावे, आपले सामान इतरांत वाटून द्यावे आणि सर्वांत सोप्या वाटेने, दिवस मावळण्याच्या आत परत फिरावे. एक तळ सुटला असेल तर दुसराही सुटणार हे गृहीत धरून तो सुटण्याआधीच बांधून घ्यावा.

यंदाचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी माळ्यावरची पिशवी उघडून बुटाच्या कडेवर एकदा नख दाबून पाहा. व्रण राहिला तर नवा जोड घेण्यास आणि तो पायाला सरावण्यास अजून पुरेसा अवधी हाताशी असेल.